सॉलोमन कार्टर फुलर: सूक्ष्मदर्शकाखालची विस्मृती

आपण पाहत आहात ते चित्रण आजच्या प्रयोगशाळेतील असले, तरी पद्धत शंभर वर्षांहून जुनी आहे. स्मृती हळूहळू पुसून टाकणारा अल्झायमरचा आजार झालेल्या रुग्णाच्या, फॉर्मॅलिनमध्ये घट्ट केलेल्या मेंदूच्या तुकड्याचे मायक्रोटोमच्या पात्याने अतिशय पातळ काप काढतात, ते सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात अंधारात ठेवतात, आणि चांदी चेतापेशींतील तंतूंवर बसली की फिकट तपकिरी पार्श्वभूमीवर काळे, पिळलेले पुंजके दिसू लागतात. फणीत अडकलेल्या गुंतवळासारखे. त्यांच्या शेजारचे गोल डाग पेशींच्या बाहेर साचलेल्या द्रव्याचे आहेत.

असेच काप विसाव्या शतकाच्या आरंभी मॅसॅच्युसेट्समधील वेस्टबरोच्या मनोरुग्णालयात डॉ. सॉलोमन कार्टर फुलर तासन् तास न्याहाळत असत. अमेरिकेतील पहिले कृष्णवर्णीय मनोविकारतज्ज्ञ म्हणून त्यांचा उल्लेख होतो. त्यांचे आजोबा व्हर्जिनियात गुलाम होते; त्यांनी स्वतःचे स्वातंत्र्य विकत घेतले आणि पुढे ते लायबेरियात स्थायिक झाले. तेथे, मनरोव्हियात, १८७२ मध्ये फुलर जन्मले. १८९७ मध्ये त्यांनी बोस्टन विद्यापीठाची वैद्यकीय पदवी घेतली आणि १९०४ मध्ये ते म्युनिकला जाऊन, ज्यांचे नाव पुढे या आजाराला मिळाले त्या आलॉइस अल्झायमर यांच्या प्रयोगशाळेत काम करू लागले.

अल्झायमर यांचे नाव आज घरोघरी माहीत आहे, फुलर यांचे नाही. म्हणूनच पुढील गोष्ट नीट सांगायला हवी. १९१२ मध्ये फुलर यांनी अल्झायमरच्या आजाराच्या तोवर प्रसिद्ध झालेल्या रुग्णवृत्तांतांचा इंग्रजीतील पहिला सविस्तर आढावा घेतला आणि त्यात स्वतः तपासलेल्या एका रुग्णाची भर घातली. रक्तवाहिन्या कठीण झाल्यामुळेच हा आजार होतो, हे मत त्यांनी स्वीकारले नाही, कारण त्यांच्या समोरच्या कापांत तसा पुरावा नव्हता. वेडाचा शिक्का बसलेल्या माणसाच्या मेंदूकडे इतक्या आदराने आणि चिकाटीने पाहणे हीच त्यांची रुग्णसेवा होती, असे आम्ही मानतो.

टस्कीगी येथील माजी सैनिकांच्या रुग्णालयासाठी त्यांनी कृष्णवर्णीय डॉक्टरांना प्रशिक्षणही दिले.

बोस्टन विद्यापीठात चेताशास्त्र विभागप्रमुखाचे काम ते अनेक वर्षे करत होते, पण ते पद त्यांना मिळाले नाही. १९३३ मध्ये त्यांच्याहून कनिष्ठ श्वेतवर्णीय सहकाऱ्याला बढती मिळाली आणि फुलर यांनी अध्यापन सोडले.

फ्रेमिंगहॅम येथील घरी त्यांनी रुग्ण तपासणे चालूच ठेवले. त्यांच्या पत्नी मेटा वॉरिक फुलर नामवंत शिल्पकार होत्या. उतारवयात मधुमेहाने फुलर यांची दृष्टी गेली आणि १९५३ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढे बोस्टनमध्ये, त्याच विद्यापीठाच्या वैद्यकीय परिसरात, उभ्या राहिलेल्या मानसिक आरोग्य केंद्राला त्यांचे नाव देण्यात आले.