ड्रायरची तिसरी तार

श्रोतेहो, नमस्कार. पाऊस लागला की ठाण्यात, नवी मुंबईत दोऱ्या बाल्कनीतून हॉलमध्ये येतात, चादरी पंख्याखाली येतात, आणि तरी कपड्यांचा कुबट वास जात नाही. म्हणून हल्ली पुष्कळ घरांत ड्रायर येतोय. तो जरूर घ्या. आज बोलायचंय ते त्याच्या तिसऱ्या तारेबद्दल, म्हणजे गळका करंट जमिनीत नेणाऱ्या अर्थिंगबद्दल.

आधी वायरिंग. हीटरचा ड्रायर साधारण 2000 ते 2500 वॅट घेतो. 230 व्होल्टने भागा, 9 ते 11 अँपिअर होतात. आणि मिक्सरसारखे दोन मिनिटं नाही, तास-दीड तास सलग. म्हणून त्याला मेन बोर्डापासून स्वतःची लाइन हवी. तांब्याची 4 स्क्वेअर एमएमची फेज, म्हणजे करंट आणणारी तार, तशीच न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी, तेवढीच जाड हिरवी अर्थ. 16 अँपिअरचा एमसीबी, म्हणजे लोड जास्त झाला की पडणारा स्विच, 16 अँपिअरचं सॉकेट, आणि बोर्डात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की पडणारा स्विच. पुन्हा सांगतो: वेगळी लाइन, 4 स्क्वेअर एमएम, 16 चा एमसीबी, 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी. एक्स्टेन्शन बोर्ड नको.

यात एक मनातलं बोलतो. फ्लॅट सजवताना स्विचच्या प्लेटींचा रंग भिंतीला जुळतो का, यावर घरात चार-चार दिवस चर्चा होते. वायर मात्र कंत्राटदार आणेल ती. प्लेट उद्या बदलता येईल, भिंतीत गेलेली वायर वीस-पंचवीस वर्षं तिथेच राहणार. त्या गुंडाळीवर आयएस 694, म्हणजे वायरच्या भारतीय मानकाचा क्रमांक, छापलाय का, एवढं तरी घरातल्या कुणी वाचावं.

आता गोष्ट. जुन्या इमारतींत पुन्हा पुन्हा घडणारी आहे, तुम्ही एकच घर डोळ्यांपुढे आणा. नेरूळमधली जुनी इमारत, खाडीचा खारा वारा, ड्राय बाल्कनीत नवा ड्रायर. पहिल्याच आठवड्यात सासूबाई म्हणाल्या, "अगं, ड्रायरच्या दाराला हात लावला की झिणझिण्या येतात." सुनेने टेस्टर लावला, तर पत्र्यावर दिवा मिणमिणला. असं का होतं? मशीनच्या आत विजेचा एक फिल्टर असतो, तो थोडासा करंट मशीनच्या पत्र्याकडे सोडतो. अर्थ असेल तर तो जमिनीत जातो. अर्थ नसेल तर तिथेच थांबतो, आणि ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या माणसाची वाट बघतो.

वायरमन आला. सॉकेट उघडलं, तर अर्थचा स्क्रू रिकामा. भोकं तीन, तारा दोनच. त्याने हिरव्या वायरचा दोन इंची तुकडा घेतला, न्यूट्रलच्या स्क्रूपासून अर्थच्या स्क्रूला जोडला आणि म्हणाला, "वहिनी, आता लावा हात." झिणझिण्या गेल्या, टेस्टरही विझला. सगळे खूश.

गणपती झाले. खाली मीटरच्या खोलीत न्यूट्रलचा स्क्रू खाऱ्या दमट हवेत गंजत, सैल होत होता. एका संध्याकाळी तो सुटला. घरातले दिवे गेले. सगळ्यांना वाटलं, लाइट गेली. पण फेज जिवंत होती. ती चालू फ्रिजमधून, पंख्यातून परतीच्या न्यूट्रलवर आली, आणि तिथून त्या दोन इंची तुकड्यावरून थेट ड्रायरच्या पत्र्यावर. ड्रायरचं बटण बंद होतं. बटण फेज तोडतं, न्यूट्रल तोडत नाही! सासूबाईंनी कपडे काढायला दार धरलं आणि झटक्याने मागे पडल्या. पायात रबरी चप्पल होती, म्हणून वाचल्या.

लक्षात ठेवा, अर्थच्या जागी न्यूट्रल कधीही जोडायची नाही. कितीही ओळखीचा वायरमन म्हणाला तरी नाही. अर्थ नसेल तर मेन बोर्डापर्यंत नवी तार ओढायची. दुसरा उपाय नाही. नळाच्या पाइपलाही बांधायची नाही, हल्लीचे पाइप प्लास्टिकचे आहेत.

ओळखायचं कसं? परवानाधारक वायरमनला मल्टिमीटर घेऊन बोलवा. फेज ते न्यूट्रल 230 च्या आसपास, फेज ते अर्थ जवळपास तेवढंच, न्यूट्रल ते अर्थ एक-दोन व्होल्ट. ड्रायर चालू असतानाही न्यूट्रल ते अर्थ ठार शून्य आलं, तर सॉकेट उघडून तो तुकडा शोधायला सांगा. नवी अर्थ जोडल्यावर आरसीसीबी पडू लागला, तर तो काढून टाकू नका, गळती कुठे आहे ते शोधा. त्याचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबा. खटकन पडला नाही, तर बदला.

बाकी थोडक्यात. सॉकेट पाण्याच्या शिंतोड्यांपासून दूर आणि उंचावर. स्क्रू वर्षातून एकदा आवळून घ्या. सॉकेट तपकिरी पडलं की ते सैल आहे. ड्रायरमधली धाग्यांची जाळी प्रत्येक वेळी साफ करा. घरचा लोड वाढत असेल तर महावितरणकडे मंजूर भार वाढवून घ्या.

आणि सोसायटीच्या सभेत अर्थिंगच्या खड्ड्याचा विषय काढा. तुमची हिरवी तार शेवटी तिथेच जाते. त्याचा रोध, म्हणजे करंट जमिनीत जाताना होणारा अडथळा, मे महिन्यात मोजायला सांगा. तेव्हा माती कोरडी असते आणि खरा आकडा कळतो, पावसात ओल्या मातीत तो कमी, म्हणजे चांगला दिसणारच.