पैसे घेताना मोठी, पावती मागताना लहान

(राष्ट्रीय ग्राहक दिनानिमित्त पुण्यात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. आज २४ डिसेंबर. १९८६ साली याच तारखेला ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली, म्हणून आपण दरवर्षी या दिवशी जमतो. पुण्याला ग्राहक चळवळ नवीन नाही. बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायतीचं काम १९७४ मध्ये याच शहरात सुरू केलं. पुढच्या रांगांत बसलेल्यांपैकी काही जण तेव्हा विशीत होते आणि दुकानदाराला बेधडक प्रश्न विचारत होते. आजचा माझा विषय नेमका विशीतल्या ग्राहकाचा आहे. मागे दाराशी काही मुलंमुली उभी आहेत. या ना पुढे, खुर्च्या रिकाम्या आहेत. बोलणं तुमच्याबद्दलच आहे, ते उभ्यानं कशाला ऐकायचं?

पत्रिकेत प्रश्न छापलाय : अठरा ते पंचवीस वयाच्या ग्राहकाला व्यावसायिक केवळ वयामुळे अन्यायानं वागवतात का? माझं उत्तर आधीच देऊन ठेवते. हो, वागवतात. तरुणांबद्दल कुणाच्या मनात आकस असतो असं मात्र मी म्हणत नाही. सदाशिव पेठ, नवी पेठ, शास्त्री रस्ता या पट्ट्यातला निम्मा धंदा स्पर्धा परीक्षांच्या मुलांवर चालतो. कॉट बेसिसवरच्या खोल्या, खानावळी, अभ्यासिका, झेरॉक्सची दुकानं, क्लास, चहाच्या टपऱ्या. ही मुलं उद्या गेली तर पेठा ओस पडतील. आकस असता तर एवढी दुकानं थाटलीच नसती. व्यावसायिकाचा हिशोब साधा असतो. हे पोरगं वर्ष-दोन वर्षांत गावी जाणार, आणि भांडायला लागलंच तर याच्या आईबापाचा नंबर आपल्या वहीत आहे.

या दुसऱ्या गोष्टीबद्दल मला जरा सविस्तर सांगायचंय.

मी बँकेतून निवृत्त झाल्यापासून एका ग्राहक मार्गदर्शन केंद्रात बसते. तिथे लातूरकडची एक मुलगी आली. वय तेवीस. राज्यसेवेचा अभ्यास करायला पुण्यात आलेली, पेठेत एका ठिकाणी कॉट बेसिसवर राहिलेली. एका खोलीत चार कॉट, कॉटमागे एक लोखंडी कपाट, सकाळचा चहा आणि दोन वेळचं जेवण त्यातच. महिना चार हजार, डिपॉझिट दहा हजार. येताना एका छापील नियमावलीवर सही घेतली, तिची प्रत काही दिली नाही. पैसे तिनं स्वतःच्या फोनवरून भरले होते, स्वतःच्या खात्यातून. अभ्यास सांभाळून दहावीच्या शिकवण्या घ्यायची, त्याचे पैसे.

निकाल लागला, मुख्य परीक्षेला थोडक्यात गेली, घरी परत जायचं ठरलं. महिनाभर आधी तिनं व्हॉट्सअ‍ॅपवर कळवलं. निघायच्या दिवशी हिशोब हातात पडला. रंगकामाचे तीन हजार. "लेखी नोटीस नाही" म्हणून एका महिन्याचं भाडं, चार हजार. गादी खराब केली, दीड हजार. परत किती? दहातले दीड हजार.

ती मुलगी चौकस. तिनं भिंतीचे फोटो काढून ठेवले होते. कॉटच्या वर चिकटपट्टीनं राज्यघटनेच्या कलमांचा तक्ता लावलेला होता, तो काढल्यावर चार कोपऱ्यांत चार पिवळे डाग राहिले. नुकसान म्हणायचं तर एवढंच. शेजारच्या कॉटवरची मुलगी तिच्या आधी दोन महिने गेली होती, तिच्याकडूनही याच खोलीच्या रंगकामाचे तीन हजार कापले होते. आणि हिच्या जागी जी नवीन मुलगी आली, तिनं महिन्याभरानंतर फोटो पाठवला. भिंत तीच, चार पिवळे डाग तेच. रंगाचा ब्रश त्या खोलीत फिरलाच नव्हता.

आता वहीतला नंबर कसा वापरतात बघा. तिनं रंगकामाची पावती मागितली. उत्तर मिळालं, "तू लहान आहेस, तुला व्यवहार कळत नाही. वडिलांना फोन करायला सांग." तिनं सांगितलं, डिपॉझिट मी भरलंय, बोलणंही माझ्याशीच करा. त्या संध्याकाळी चालकांनी स्वतःच तिच्या वडिलांना फोन लावला. पैशांचा विषयच काढला नाही. म्हणाले, "तुमची मुलगी रात्री उशिरा येते, आम्ही आजवर सांभाळून घेतलं." ती रात्री साडेदहाला यायची हे खरं. अभ्यासिका दहाला बंद व्हायची!

मंडळी, या एका वाक्यानं काय होतं ते या सभागृहातल्या प्रत्येक आईवडिलांना कळेल. शेती करणारा बाप, पोरीला पाठवताना भावकीची बोलणी खाल्लेली. त्यानं मुलीला सांगितलं, "पैसे गेले तर जाऊ दे, तू घरी ये." साडेआठ हजार रुपये असे पचवले जातात. कायद्याच्या बळावर नाही, मुलीच्या अब्रूला हात घालून. मुलगा असता तर "हा पोरगा अभ्यास करत नाही, टपरीवर बसतो" असं सांगितलं असतं. शस्त्र तेच, धार तेवढी कमी. चाळिशीतल्या ग्राहकानं पावती मागितली तर कुणी त्याच्या वडिलांना फोन लावेल का? माझ्या मते वयावरून होणारा अन्याय तो हाच. ज्याचे पैसे पूर्ण वाढलेल्या माणसाचे म्हणून घेतले, त्याची तक्रार मात्र शेंबड्या पोराची म्हणून झटकून टाकायची.

आम्ही तिच्याच नावानं, तिच्याच सहीनं नोटीस पाठवली. सोबत दोन्ही फोटो, व्हॉट्सअ‍ॅपचा तारखेसकट मजकूर, पैसे भरल्याचा बँकेचा उतारा. आठवड्याभरात पैसे परत आले. कुणाच्या खात्यात? वडिलांच्या! मुलीनं भरले, मुलीनं मागितले, आणि परत केले वडिलांना. ती मला म्हणाली, "मॅडम, पैसे मिळाले, पण मी जिंकले असं वाटत नाही." मला तिचं अगदी पटलं.

(प्रेक्षकांतून एका गृहस्थांनी मध्येच प्रश्न विचारला : मुलं त्रास देतात, त्याचं काय?)

काका, प्रश्न रास्त आहे. मुलं गोंगाट करतात, नळ उघडा टाकतात, शेवटचं लाइटबिल बुडवून जातात, हे मी केंद्रात बसून पाहिलंय. डिपॉझिट त्याचसाठी असतं. प्रत्यक्ष जे मोडलं त्याचे पैसे बिल दाखवून जरूर कापा. पण जे मोडलंच नाही त्याचे कशाला? आणि तीन मुलांनी त्रास दिला म्हणून चौथीकडून तो वसूल करणं कुठल्या न्यायात बसतं?

यात सरकारचाही गोंधळ आहेच. १८७५ च्या कायद्यानं माणूस अठराव्या वर्षी सज्ञान होतो. त्याला मताचा अधिकार मिळायला मात्र १९८८ ची घटनादुरुस्ती यावी लागली, आणि १९८९ च्या लोकसभा निवडणुकीत अठरा वर्षांच्या मुलांनी पहिल्यांदा मत दिलं. मुलाचं लग्न एकविसाव्या वर्षी. आपल्या राज्यात बिअरला एकवीस आणि कडक दारूला पंचवीस वर्षं पूर्ण लागतात. म्हणजे आमदार निवडायला अठरा पुरतात आणि व्हिस्कीला पंचवीस! (हशा) हसा, पण दारूबद्दलची ती काळजी मला चुकीची वाटत नाही. माझं म्हणणं इतकंच, की खोलीचं भाडं काही दारू नव्हे.

ज्यांची मुलं अमेरिकेत शिकायला आहेत त्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. तिथे पंचवीसच्या आतल्याला भाड्यानं गाडी घेताना बहुतेक कंपन्या रोजचा ज्यादा आकार लावतात. न्यूयॉर्क राज्यात अठरा पूर्ण झालेल्याला केवळ वयामुळे गाडी नाकारता येत नाही, तरी ज्यादा आकार द्यावाच लागतो. पण तो आकार निदान आधी सांगितलेला असतो, कागदावर असतो, आणि त्याबद्दल कुणी वडिलांना फोन करत नाही.

चिठ्ठी आलीय, दहाच मिनिटं उरली आहेत. कायद्याचा भाग राहिलाच की! भरभर सांगते, मुलांनो लिहून घ्या.

राज्यघटनेचं कलम १५ (२) म्हणतं, की केवळ धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं, करमणुकीच्या जागा इथे कुणालाही अडवता येणार नाही. या यादीत वय नाही. ब्रिटननं २०१० चा समानता कायदा करून ऑक्टोबर २०१२ पासून वस्तू आणि सेवा देताना अठरा वर्षांवरच्या व्यक्तीशी वयावरून अन्याय्य भेदभाव करायला बंदी घातली, वित्तीय सेवांसारखे काही अपवाद ठेवून. आपल्याकडे असा कायदा नाही. म्हणून आपल्याला ग्राहक कायद्याच्या वाटेनं जावं लागतं, आणि ती वाट वाटते तितकी अरुंद नाही.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेच्या व्याख्येत निवास आणि भोजन आहे. त्यामुळे जेवणासकट कॉट बेसिस ही सेवा ठरते. पावती किंवा बिल न देणं ही त्याच कायद्यानं अनुचित व्यापारी प्रथा. अवाजवी डिपॉझिट मागणारा करार हा अनुचित करार. अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, ग्राहकाच्या वतीनं पालक तक्रार करू शकतात असं कायदा म्हणतो. याचाच अर्थ, अठरा पूर्ण झाली की तक्रारदार तुम्ही स्वतः, वडिलांची सही लागत नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार करायची. सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात फी शून्य. तक्रार ऑनलाइन करता येते. १९१५ हा राष्ट्रीय हेल्पलाइनचा नंबर. आणि सगळ्यात महत्त्वाचं : जुलै २०२० पासून तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगातही तक्रार करता येते. "ही गावी जाणार" या हिशोबावर जो निर्धास्त बसलाय, त्याला लातूरच्या आयोगाची नोटीस येऊ शकते!

फ्लॅट भाड्यानं घेऊन राहणाऱ्यांसाठी रस्ता वेगळा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५. करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. ती केली नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. म्हणून "कशाला नोंदणी, खर्च वाढतो" असं मालक म्हणाले तर कलम ५५ आठवा आणि भरलेल्या पैशांचे पुरावे जपा.

क्लासचं एका वाक्यात. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, पूर्ण फी भरून मध्येच क्लास सोडला तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत मिळायला हवी. क्लासच्याच वसतिगृहात राहत असाल तर त्याची आणि मेसचीसुद्धा. या सूचना आहेत, अंमल राज्यांच्या हातात, म्हणून त्या फी भरण्याआधीच क्लासवाल्यापुढे ठेवा.

वयानुसार केलेला प्रत्येक फरक वाईट, असं मात्र कुणी माझ्या तोंडी घालू नका. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी मोफत आहे, विद्यार्थ्यांना पासात सवलत आहे, दोन्ही मला हव्याच आहेत. सवलतीनं कुणाचा हक्काचा पैसा अडकत नाही.

आता मागणी. कायद्यात एक मोठी गाठ आहे. सेवेतल्या त्रुटीची तक्रार जिल्हा आयोगात होते, पण करारच अनुचित आहे असं म्हणायचं तर थेट राज्य आयोगात जावं लागतं, रक्कम कितीही लहान असली तरी. बिल्डरशी लढणाऱ्याला ते परवडत असेल. दहा हजारांच्या डिपॉझिटसाठी तेवीस वर्षांच्या मुलीनं राज्य आयोगात जावं, ही अपेक्षाच अन्यायाची आहे. पाच लाखांपर्यंतच्या अनुचित कराराच्या तक्रारी जिल्हा आयोगाकडे द्या, अशी दुरुस्ती आपण केंद्र सरकारकडे मागतोय. आणि शहरातल्या प्रत्येक कॉट बेसिस चालकानं नियमावलीची सही केलेली प्रत आणि डिपॉझिटची पावती राहणाऱ्याच्याच नावानं दिली पाहिजे, डिपॉझिट ज्या खात्यातून आलं त्याच खात्यात परत केलं पाहिजे, अशी दुसरी मागणी महापालिका आणि जिल्हा प्रशासनाकडे. दोन्ही निवेदनं आज इथे आहेत. मुलांनो, पहिली सही तुमची हवी, आणि स्वतःच्या नावानं.