डायरीतले कोरे चौकोन

नमस्कार, श्रोतेहो.

मी इव्हेंट प्लॅनर. परिषदा, बक्षीस समारंभ, कंपन्यांचे वर्षअखेरचे मेळावे, लग्नं... जे काम येईल ते. माझ्या डायरीतलं नोव्हेंबरचं पान बघून परवा एक मित्र म्हणाला, "अकरा कार्यक्रम! जेवतोस कधी?" पण त्या अकरा चौकोनांची मला फारशी धास्ती नसते. जीव टांगलेला असतो तो मधल्या कोऱ्या चौकोनांत.

कार्यक्रमाला वेळ असते, पाहुणे असतात, त्याच्याकडे सगळ्यांचं लक्ष असतं. आवराआवरीकडे कोण बघतं? रात्री अकराला शेवटचा पाहुणा गेला की आमची दुसरी पाळी सुरू. दिवे उतरवा, स्टेज सुटं करा, ट्रक भरा. सकाळी हॉल दुसऱ्याच्या ताब्यात आणि आमचा ट्रक दुसऱ्या गावाच्या वाटेवर. त्यामुळे एखादा वक्ता "दोनच मिनिटं" म्हणत अर्धा तास बोलतो, तेव्हा लोक घड्याळाकडे बघतात आणि मी ट्रकच्या ड्रायव्हरकडे. त्याची झोप त्या अर्ध्या तासात जाते.

केबलचंच घ्या. ती नीट, नैसर्गिक वळणानं गुंडाळायला वेळ लागतो. मध्यरात्री थकलेला हात ती कोपराभोवती भराभर गुंडाळतो. पीळ बसत जातो, आतल्या बारीक तारा तुटत जातात आणि चार दिवसांनी भलत्याच हॉलमध्ये, ऐन भाषणात, माइक खरखरतो. सगळे साउंडवाल्याकडे रागानं बघतात. चूक झालेली असते कोऱ्या चौकोनात.

त्यात या दिवसांत सूर्याचीही घाई. मोकळ्या मैदानाची पाहणी आम्ही सप्टेंबरमध्ये केलेली असते. संध्याकाळी सहाला लख्ख उजेड, फोटोही छान. पण २३ सप्टेंबरच्या सुमारास दिवस-रात्र सारखे होतात आणि तिथून आपल्या उत्तर गोलार्धात दिवस रात्रीपेक्षा लहान होत जातो. नोव्हेंबरअखेर त्याच मैदानात, त्याच वेळी, पार्किंगची पाटीही दिसत नाही. वर दव! आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असला की जमीन झपाट्यानं निवते आणि खुर्च्या ओल्या होतात. पाहुण्यांना निरभ्र रात्र आवडते. मी अशा रात्री कोरडी फडकी मोजत बसतो.

पाहुण्यांच्या आकड्याबद्दल थोडंसंच सांगतो. सहा फूट व्यासाच्या गोल टेबलाला दहा खुर्च्या लावल्या, तर प्रत्येकाला कडेची साधारण साडेबावीस इंच जागा मिळते. आयत्या वेळी "दोनच वाढलेत हो" असं म्हणत बारा बसवले की उरतात जेमतेम एकोणीस इंच. मग जेवण कोपरांनी होतं. "दोनच" हा शब्द मला आताशा कानाला टोचतो.

एक फजितीही सांगून टाकतो. मोसमातली पहिली थंड संध्याकाळ होती. मागच्या कार्यक्रमाची आवराआवर पहाटेपर्यंत चाललेली, त्यामुळे विजेच्या लोडचा तक्ता मी वरवर चाळला. कुणीतरी प्रेमानं प्रवेशद्वारापाशी तीन हीटर लावले, प्रत्येकी दोन किलोवॉटचे आणि नेमके साउंडच्याच लाइनवर. प्रमुख पाहुणे "मित्रहो" म्हणाले आणि फ्यूज गेला. पुढची चार मिनिटं ते बिनमाइकचे, खणखणीत आवाजात बोलले. लोकांना वाटलं, हे ठरवूनच केलंय. टाळ्याही पडल्या! मी पडद्यामागे घामाघूम.

तेव्हापासून दोन कामांच्या मध्ये एक दिवस मी विकत नाही. क्लायंट चिडतात, एक-दोन कामं हातची गेलीही. जाऊ देत.

यंदा ३० तारखेचा चौकोन कोरा आहे. पेन्सिलीनं तिथे एवढंच लिहिलंय : सगळ्या केबल उलगडून पुन्हा गुंडाळणे, मग झोप.

नमस्कार.