जॉन्सनची डिक्शनरी आणि पेन्सिलीच्या खुणा

नमस्कार श्रोतेहो.

आज बोलायचंय अठराव्या शतकातला इंग्रज लेखक सॅम्युअल जॉन्सन, त्याच्या इंग्रजी डिक्शनरीबद्दल. १५ एप्रिल १७५५ ला ती लंडनमध्ये निघाली, दोन भलेमोठे खंड, ४२ हजारांच्या वर शब्द. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी तिचं नाव ऐकलं असेल ते ओट्समुळे. ओट्स म्हणजे असं धान्य जे इंग्लंडमध्ये घोड्यांना घालतात आणि स्कॉटलंडमध्ये माणसं खाऊन जगतात, असं त्यानं लिहून ठेवलंय आणि तेवढंच सगळीकडे फिरत असतं. मला मनापासून वाटतं की ह्या गमतीजमतींमुळे त्या माणसाचं खरं काम झाकलं गेलंय. आणि गंमत बघा, त्याच्या हाताखाली जे सहा लेखनिक होते त्यातले पाच स्कॉटलंडचेच होते.

तर खरं काम काय, ते सांगतो. लंडनमध्ये फ्लीट स्ट्रीट ह्या रस्त्याच्या मागे गफ स्क्वेअर म्हणून चौक आहे, तिथल्या घरात वरच्या माळ्यावर हे चाललेलं. ते घर आजही उभं आहे, बघता येतं. जॉन्सन पुस्तकं वाचत बसायचा, शेक्सपिअर, मिल्टन, ड्रायडन, बायबल, बेकन, आणि वाचता वाचता एखादं वाक्य असं भेटलं की ज्यात शब्दाचा अर्थ नीट उघडा पडतोय, तर त्या शब्दाखाली काळ्या पेन्सिलीनं रेघ मारायची, समासात त्याचं पहिलं अक्षर लिहायचं, आणि पुस्तक लेखनिकाकडे द्यायचं. लेखनिक ते अख्खं वाक्य उतरवून घ्यायचे, मग ती उताऱ्यांची कात्रणं अक्षराप्रमाणे लावायची. लोकांकडून मागून आणलेली पुस्तकं पण ह्यातून सुटली नाहीत, परत जायची ती पार खुणांनी भरून. सुरुवातीला वह्यांमध्ये लिहायला घेतलं होतं पण उतारे मावेनात, म्हणून केलेलं बरंचसं मोडून परत मांडायला लागलं. शेवटी छापलं तेव्हा डिक्शनरीत उतारेच सुमारे १ लाख १४ हजार होते.

आता ह्यानं झालं काय, तर शब्दाचा अर्थ कुणा पंडिताच्या डोक्यातून न येता वापरातून यायला लागला. इंग्रजीत इतक्या मोठ्या प्रमाणावर हे आधी कोणी केलेलं नव्हतं. साधा ‘टेक’ घ्या, घेणे. आपल्याला वाटतं ह्यात काय सांगायचंय? जॉन्सननं त्या एका क्रियापदाचे १३४ अर्थ वेगळे काढलेत. अवघड लॅटिन शब्दाची व्याख्या करणं एकवेळ सोपं असतं हो, पण रोजच्या तोंडातल्या शब्दाला धरायचं, त्याच्या बारीकबारीक छटा सुट्या करायच्या, ह्याला खरी चिकाटी लागते आणि माझ्या मते त्याची सगळी ताकद इथेच दिसते.

‘नर्व्हस’ बघा. आज आपण मराठीत सर्रास म्हणतो, परीक्षेआधी मुलगा नर्व्हस झालाय. जॉन्सनकडे ह्या शब्दाचा पहिला अर्थ आहे मजबूत, जोमदार, स्नायूंनी घट्ट बांधलेला! अशक्त नसांचा हा अर्थ त्यानं नंतर दिलाय आणि तोही डॉक्टरी बोलीतला असा शेरा मारून. म्हणजे १७५५ साली शब्द कुस बदलत होता आणि ह्या माणसानं दोन्ही अर्थ शेजारी शेजारी टिपून ठेवले.

शेरे मारायची त्याला सवयच होती. ‘फन’ हा हलका, बाजारू शब्द म्हणे. ‘क्लेव्हर’ पण हलका, बोलण्यात किंवा टिंगलीत चालतो, नक्की असा अर्थच नाही त्याला. दोन्ही शब्द आज किती ऐटीत नांदतायत ते आपण बघतोच. पण त्याला ते आवडले नाहीत तरी त्यानं ते गाळले नाहीत, डिक्शनरीत जागा दिली, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

आणि ह्यातच त्याचा स्वतःचा बदल पण दिसतो. १७४७ साली त्यानं कामाचा आराखडा छापला तेव्हा इंग्रजी भाषा शुद्ध राखायची, तिला स्थिर करायची अशी उमेद होती, आणि काम तीन वर्षांत संपवेन असं म्हणत होता. लागली नऊच्या आसपास. मधे १७५२ ला बायको गेली. डिक्शनरीच्या प्रस्तावनेत तो लिहितो की ज्यांना खूश करावं असं वाटत होतं त्यातले बहुतेक मातीआड गेले, ते वाचताना आजही गलबलतं. त्याच प्रस्तावनेत तो सरळ कबूल करतो की कोशकारानं आपल्या भाषेला, मृतदेहाला मसाला भरून ठेवतात तसं, जपून ठेवता येईल असं समजू नये, शब्द बदलणारच. एवढे उतारे हातावेगळे केल्यावर आलेलं शहाणपण होतं ते.

एक शेवटचं सांगतो, मला सगळ्यात आवडणारी नोंद. शेक्सपिअरच्या एका नाटकात ‘ट्रॉल-माय-डेम्स’ असा शब्द येतो. जॉन्सननं तो घेतला, नाटकातलं वाक्य दिलं, आणि अर्थाच्या जागी लिहिलं, ह्या शब्दाचा अर्थ मला माहीत नाही. छापील डिक्शनरीत, स्वतःच्या नावाखाली! ठोकून द्यायला काय जात होतं, कोण तपासणार होतं त्याला तेव्हा?

ही डिक्शनरी आता इंटरनेटवर फुकट बघायला मिळते. इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकांनी तर नक्की उघडा, आणि ओट्सकडे न जाता एखादा रोजचा शब्द काढा, ‘टेक’ काढा, आणि खालचे उतारे एकेक करून वर्गात मोठ्यानं वाचून दाखवा.

नमस्कार.