ऐरोलीतली सुगी

(दृश्य: शाळेचा हॉल, सकाळ. तरुण मुलं खुर्च्या लावताहेत.)

ऐरोलीतल्या एका शाळेचा हा हॉल. आठवडाभर इथं परिपाठ होतो, स्नेहसंमेलनाच्या तालमी होतात. रविवारी सकाळी तरुण संघाची मुलं येतात आणि तासाभरात त्याचं उपासनामंदिर करतात. फळ्यावर पांढरी चादर चढते. दोन टेबलं जोडली की वेदी तयार. वर महिला मंडळाने विणलेला क्रोशाचा रुमाल. लाकडी क्रूस एका कुटुंबाच्या घरी कपाटामागे उभा असतो, तो रिक्षातून येतो. पेटीच्या भात्याला चिकटपट्टी लावलेली आहे, पण सूर पक्के आहेत.

आज नोव्हेंबरातला उपकारस्तुतीचा रविवार. गावाकडच्या भाषेत, सुगीचा सण.

(दृश्य: दारातून येणारी माणसं, हातात टोपल्या. थेट आवाज: "सलाम, पाळकसाहेब." "सलाम, सलाम.")

या मंडळीतली, म्हणजे इथं उपासनेला जमणाऱ्या ख्रिस्ती समाजातली, बहुतेक घरं मूळची नगर जिल्ह्यातली, म्हणजे आजच्या अहिल्यानगरची. राहुरी, श्रीरामपूर, नेवासा. काही जालन्याकडची. अमेरिकन मराठी मिशन या ख्रिस्ती धर्मप्रचारक संस्थेचे लोक १८१३ साली मुंबईत उतरले आणि १८३१ साली नगरला पोचले. १८४२ साली 'ज्ञानोदय' हे त्यांचं नियतकालिक नगरमधूनच निघू लागलं. मिशनच्या शाळा आल्या, दवाखाने आले. त्या शाळांतून शिकलेल्यांची मुलं मास्तर झाली, नर्स झाली, आणि नोकरीच्या मागे शहरांकडे सरकली.

नवी मुंबईत ती आली तेव्हा शहरच नवं होतं. ते वसवणाऱ्या सिडको या सरकारी कंपनीची स्थापना १७ मार्च १९७०ची. त्याच वर्षी २९ नोव्हेंबरला नागपुरात सहा वेगवेगळ्या परंपरांच्या मंडळ्यांनी एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन केली. शहर आणि एकत्र झालेली मंडळी एकाच वयाची. इथल्या खुर्च्यांवर मात्र त्याहून मोठा मेळ बसलेला दिसेल. मेथडिस्ट पंथाच्या घरातली सून आहे, मुक्तिफौजेत (साल्वेशन आर्मीत) वाढलेले आजोबा आहेत. कोण कुठल्या मिशनचं, हे गावाकडे आजही विचारतात. इथं विचारत नाहीत.

(दृश्य: पेटी, ढोलकी, टाळ. भजन. दहा सेकंद फक्त गाणं.)

हे भजन कवी नारायण वामन टिळकांचं. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि वारकरी संतांच्या अभंगाची चाल, टाळाचा ठेका मराठी ख्रिस्ती उपासनेत आणला. त्यांना जाऊन शंभराहून अधिक वर्षं झाली. ढोलकीवर बसलेला मुलगा इंग्रजी शाळेत शिकतो. शब्द त्याला पाठ आहेत.

(दृश्य: वेदीसमोर रांग. टोपल्यांचे जवळचे शॉट.)

आता टोपल्या बघा. ही बाजरीची कणसं गावाहून आली आहेत, भावाच्या वावरातली. रात्रीच्या एसटीने हा गावरान कोंबडाही आला. त्याचे पाय साडीच्या काठाने बांधलेत. ही शेवग्याची शेंग चौथ्या मजल्यावरच्या कुंडीतली नाही, इमारतीच्या मागच्या झाडाची आहे. कढीपत्ता कुंडीतला. इथपर्यंत सुगी ओळखीची वाटते.

आणि मग हे. वडापावची गाडी लावणाऱ्या काकांनी स्टीलच्या डब्यात पहिल्या घाण्याचे वडे आणलेत. झाकणाच्या आतून वाफेचे थेंब दिसताहेत. शिवणकाम करणाऱ्या मावशींनी लहान मुलीचा फ्रॉक आणलाय, घडी न मोडलेला. रिक्षावाल्या दादांनी वेदीवर एक नोट ठेवली, ती आजच्या बोहनीची. आयटी पार्कात नुकत्याच लागलेल्या मुलीच्या हातात पाकीट आहे. पहिला पगार. आई तिच्या मागे उभी आहे.

पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या सव्विसाव्या अध्यायात, प्रथमफळाची टोपली कशी आणायची ते सांगितलंय. टोपली वेदीपुढे ठेवायची आणि आपले पूर्वज कुठून आले, कसे भटकले, परक्या देशात त्यांचे कसे हाल झाले, ते तोंडाने सांगायचं. मग सगळ्यांनी मिळून आनंद करायचा, आणि त्यात परका, अनाथ, विधवा यांचा वाटा काढायचा. पाळकसाहेबांनी आज हाच उतारा घेतला. वावर सोडून आलेल्या माणसांना तो समजावून सांगावा लागत नाही.

दाराजवळ दानपेटी आहे, तिच्यावर क्यूआर कोड चिकटवलेला आहे. महिन्याचा दशांश, म्हणजे मिळकतीचा दहावा हिस्सा, अनेक जण त्यावरच भरतात, आणि त्यात काही वावगं नाही. सुगीचा सणही तसाच करावा, वेळ वाचेल, असं पंचांच्या बैठकीत निघालं होतं. टोपली राहिली, ते फार बरं झालं. पगार खात्यात येतो आणि खात्यातून जातो, तो कुणाला दिसत नाही. टोपलीत आला की घरातल्या लेकरांनाही कळतं की आईबाप आठवडाभर हाताने काय करतात.

(दृश्य: लिलाव. आवाज वाढतो.)

उपासना संपली की लिलाव. पुकारा करणारे हे काका निवृत्त शिक्षक आहेत, माइक त्यांना लागत नाही. पहिला नारळ पन्नासला सुरू झाला. शंभर, दीडशे, चारशे. एक वार, दोन वार, तीन वार! ज्याने घेतला त्याने तो तिथल्या तिथे परत वेदीवर ठेवला. म्हणजे नारळ पुन्हा लिलावात. तीनशेला गेला, पुन्हा परत आला. गावाकडची ही जुनी रीत. एक लिंबू अर्धा तास फिरतं आणि कोंबडीपेक्षा महाग होतं.

कोंबड्यासाठी दोन साडूंची चढाओढ लागली आहे. बायकांचा एक गट धाकट्याच्या बाजूने, दुसरा थोरल्याच्या. थोरल्याने सोडला. फ्रॉक एका आजींनी घेतला, नातीच्या मापाचा आहे का हे न बघता. वडे मात्र परत आले नाहीत, ते तिथेच संपले.

आता हा मुलगा. दुसरीत असेल. बाजरीच्या कणसावर त्याने वीस रुपये बोली लावली. नोट मुठीत आहे, घामाने ओली. काकांनी हॉलभर नजर फिरवली. कुणी बोललं नाही. एक वार दोन वार तीन वार, एका दमात.

(दृश्य: मुलगा कणीस घेऊन जागेवर जातो. निवेदन नाही.)

जमलेले पैसे सगळ्यांसमोर मोजले जातात आणि आकडा तिथेच मोठ्याने वाचला जातो. एक वाटा गावाकडच्या लहान मंडळ्यांना. एक शाळेच्या फीला. मंडळीच्या स्वतःच्या जागेसाठीही काही बाजूला पडतं, प्लॉट अजून ऐपतीबाहेर आहे. हॉलचं भाडं दर वर्षी वाढतं.

उरलेल्यातून डबे. खारघरला टाटा मेमोरियलचं कॅन्सरचं केंद्र आहे. उपचारासाठी लांबून आलेल्यांचे नातेवाईक तिथं आठवडे काढतात. महिला मंडळाच्या दोघी-दोघी बुधवारी पोळी-भाजी घेऊन जातात, ज्याला हवा त्याला डबा देतात. धर्म, गाव विचारत नाहीत. आत चित्रीकरण करायचं नव्हतं, म्हणून ते दिसणार नाही. हे डबे भरतानाचं दृश्य कोपरखैरण्यातल्या एका स्वयंपाकघरातलं आहे. भाजी दुधीची आणि तिखट कमी, कारण पेशंटही कधी दोन घास मागतात.

येत्या बुधवारी ज्यांची पाळी आहे, त्यांची नावं आज लिलावानंतर लगेच वहीत लिहिली गेली. आयटी पार्कातल्या त्या मुलीने सुट्टी टाकून आपलं नाव दिलंय.