किती दिवस ठेवलं?

मंडळी, नमस्कार.

आपल्यापैकी कुणाचं ऑपरेशन झालं की घरून फोनवर ठरलेला प्रश्न येतो, "किती दिवस ठेवलं?" "दुसऱ्या दिवशी सोडलं" म्हटलं की तिकडचा आवाज बदलतो. एवढ्या लवकर? नीट बघितलं ना? जास्त दिवस ठेवलं म्हणजे जास्त काळजी घेतली, हा हिशोब आपल्या डोक्यात पक्का बसलाय. तो कच्चा आहे, एवढंच मला सांगायचंय.

जपानमध्ये दर हजार माणसांमागे रुग्णालयाच्या खाटा बारा-तेरा. जर्मनीत आठच्या आसपास, अमेरिकेत तीनहून कमी, स्वीडनमध्ये जेमतेम दोन. म्हणून जपानी माणूस स्वीडिश माणसाच्या सहापट आजारी असतो का? उलट, दीर्घायुष्यात दोघेही जगात वरच्या रांगेत. मग जपानच्या या खाटांवर असतं कोण? मानसोपचाराचे आणि दीर्घकाळ शुश्रूषेचे रुग्णही त्यात मोजलेले असतात. १९७३ मध्ये तिथे सत्तरीपुढच्यांना उपचार मोफत झाले. त्यानंतर दुखणं आवरलं तरी घरी बघणारं कुणी नाही, म्हणून कित्येक वृद्ध रुग्णालयातच राहू लागले. सून नोकरीला, मुलगा दुसऱ्या शहरात. ओळखीचं वाटतंय ना? अखेर २००० साली शुश्रूषेसाठी वेगळा सार्वजनिक विमा आणावा लागला.

दुसरी गोष्ट पैशाची. रुग्णालयाला दिवसाप्रमाणे पैसे मिळत असतील तर डिस्चार्जची घाई कोण करील? अमेरिकेत ज्येष्ठांच्या सरकारी विम्याने, मेडिकेअरने, १९८३ पासून आजाराच्या गटानुसार ठोक रक्कम द्यायला सुरुवात केली आणि मुक्काम आखडले. पुढे बाळंतिणींना इतक्या लवकर घरी पाठवू लागले, की १९९६ मध्ये कायदाच करावा लागला: साध्या बाळंतपणाला ४८ तास आणि सिझेरियनला ९६ तासांपेक्षा कमी मुक्कामाची सक्ती विमा कंपनीने करायची नाही. मला विचाराल तर संसदेने बाळंतिणीचे तास मोजावेत, इथेच काहीतरी बिघडलंय.

मोजणीचीही गंमत आहे. मोतीबिंदूचा रुग्ण सकाळी येतो, दुपारी घरी जातो. त्याला 'दाखल' धरलं की सरासरी मुक्काम घटतो. वगळलं तर मागे गंभीर रुग्णच उरतात आणि सरासरी वाढते. म्हणजे ज्या देशाने सोप्या शस्त्रक्रिया एका दिवसावर आणल्या, तोच कागदावर ढिला दिसू शकतो! सुदृढ नवजात बाळाला काही देश रुग्ण म्हणून मोजतात, काही नाही.

आणि परदेशच कशाला, भारतातच बघा. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात केरळमध्ये रुग्णालयात दाखल होणाऱ्यांचं प्रमाण बिहारच्या कितीतरी पट निघतं. केरळात वयस्कर माणसं जास्त आहेत, रुग्णालयं हाताशी आहेत, आणि दुखणं अंगावर काढायचं नसतं हे लोकांना माहीत आहे. बिहारच्या आकड्यात मात्र जे रुग्णालयापर्यंत पोचलेच नाहीत, ते दिसत नाहीत.