परांची उतरवताना

श्रोतेहो, नमस्कार.

कारखान्यातलं मोठं शटडाऊन संपत आलेलं असतं. बॉयलर दुरुस्त झालेला असतो, वेल्डिंग तपासून झालेलं असतं, रंगारी शेवटचा हात मारून खाली उतरलेले असतात. आणि मग फोन येतो, "परांची कधी काढताय? उद्या संध्याकाळपर्यंत जागा मोकळी पाहिजे." परांचीच्या कामावर सुपरवायझर म्हणून इतकी वर्षं काढली, पण पोटात गोळा येतो तो याच दिवशी. बांधायच्या दिवशी एवढा कधीच आला नाही.

परांची बांधताना ती तासागणिक भक्कम होत जाते. उभे पाइप, त्यांना आडवे, मग तिरके ब्रेस, मग शेजारच्या पक्क्या बांधकामाला टाय, आणि हे सगळं घट्ट झालं की वरचा टप्पा. उतरवताना माणसं वरच असतात आणि त्यांच्या पायाखालचा सांगाडा तासागणिक दुबळा होत जातो. त्यात आणखी एक गोष्ट. आपण जी काढायला जातो, ती आपण बांधलेली परांची राहिलेलीच नसते. मधल्या काळात तिथे पाइपफिटर येऊन गेलेले असतात, वेल्डर येऊन गेलेले असतात. कुणाला ब्रेस आड आला, त्याने तो काढला. "काम झालं की लावतो" म्हणाला आणि विसरला.

एका उंच टाकीभोवतीची परांची आम्ही काढायला घेतली होती. परांचीवर लटकवलेला तपासणीचा टॅग हिरवा, शेवटच्या तपासणीची तारीख चालू आठवड्यातली. बाहेरून शीटिंग, म्हणजे झाकायचं कापड, लावलेलं, त्यामुळे खालून सगळं छान दिसत होतं. सवयीने मी आतल्या बाजूने शिडीवरून वर गेलो, एकेक टाय हाताने हलवून बघत. चौथ्या टप्प्यावर टायच्या जागी बाइंडिंग वायरचे चार वेढे होते. इन्सुलेशनचा पत्रा बसवताना कुणीतरी क्लॅम्प सोडवला होता आणि मनाच्या समाधानासाठी तार गुंडाळली होती. वर आणखी दोन टाय असेच निघाले. त्या दिवशी एकही फळी काढली नाही. आधी नवे टाय बांधले, मग उतरवायला घेतलं. दीड दिवस गेला, बरंच ऐकून घ्यावं लागलं. पण तशीच काढायला घेतली असती तर काय झालं असतं, ते आजही डोळ्यांसमोर येतं.

अनेक देशांत दर सात दिवसांनी, आणि वादळ झालं किंवा काही फेरबदल झाला की लगेच, परांची तपासण्याचा नियम आहे. नियम योग्यच आहे. तरीही उतरवायच्या दिवशीची तपासणी वेगळी आणि नव्याने करा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. टॅग सांगतो की चढून काम करायला परांची ठीक आहे. तिचे भाग एकेक करून काढले तर ती उभी राहील की नाही, हे टॅगवर लिहिलेलं नसतं.

२७ एप्रिल १९७८. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात, विलो आयलंड इथे, एका वीज केंद्राच्या कूलिंग टॉवरचं बांधकाम चालू होतं. तिथली परांची जमिनीवर टेकलेली नव्हती. टॉवरच्याच काँक्रीटला ती बोल्टने धरलेली होती आणि टॉवर वाढेल तशी वर सरकत होती. उंची सुमारे ५० मीटर. आदल्या दिवशी ओतलेलं काँक्रीट पुरेसं पक्कं झालेलं नव्हतं, आणि भार त्याच्यावर आला. वरचं कडं परांचीसकट सोलून निघाल्यासारखं खाली आलं. ५१ कामगार गेले. पुढे २०१६ मध्ये चीनमधल्या फेंगचेंगला, कूलिंग टॉवरच्याच कामात, काँक्रीटला ताकद येण्याआधी साचे काढले गेले आणि ७० हून जास्त माणसं गेली. म्हणून प्रत्येक टप्प्याला मी माझ्या माणसांना एकच विचारतो: आत्ता हिला कोण धरून आहे? उत्तर येईपर्यंत पाना चालत नाही.

शीटिंगचंही तसंच. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. टाय काढले आणि शीटिंग राहिलं, तर ती परांची नव्हे, शीड झालं. आधी त्या टप्प्याचं कापड उतरवायचं, मग त्याच टप्प्याचा टाय. सगळे टाय एकदम काढून "मग निवांत काढू" असं कुणी म्हणालं, तर तिथेच काम थांबवा.

काढलेला माल कुठे जातो तेही बघा. चार मिलिमीटर जाडीचा सहा मीटर पाइप साधारण २६ किलोचा. खाली देणाऱ्यांची साखळी मंदावली की वरचे लोक पाइप फळ्यांवर रचत जातात. वीस पाइप म्हणजे पाचशे किलोंच्या वर, तेही एका कोपऱ्यात, आणि खालचे ब्रेस निघालेले. माल हातोहात किंवा दोरीने खाली गेलाच पाहिजे, आणि जात नसेल तर काढणं थांबलं पाहिजे. वरून टाकायचा मात्र कधीच नाही.

आता हुक. हार्नेस, म्हणजे अंगावरचा सुरक्षा पट्टा, सगळे घालतात, पण दुपारी चारच्या सुमाराला बघा. दमलेला माणूस ज्या पाइपचा क्लॅम्प सोडवतोय, त्याच पाइपला त्याचा हुक असतो. मी हे स्वतः पाहिलंय, एकदा नव्हे. खालून मोठ्याने ओरडायचं नाही, माणूस दचकतो. नाव घेऊन शांतपणे थांबवायचं, "हात थांबव, आधी हुक बघ." आणि जमिनीजवळच्या टप्प्यांवर हुकाच्या भरवशावर राहू नका. पावणेदोन-दोन मीटरची दोरी, वर झटका शोषणारा तिचा शॉक अब्सॉर्बर उघडून लांब होणार, म्हणजे खाली साडेपाच-सहा मीटर मोकळी जागा लागते. तेवढी नसेल तर माणूस आधी जमिनीवर आपटतो. तिथे रेलिंग आणि पूर्ण फळ्या हाच आधार.

पाइपरॅकखाली, म्हणजे कारखान्याचे पाइप ज्यावरून जातात त्या उंच सांगाड्याखाली, लोंबती बांधलेली परांची असेल तर सगळा हिशेबच उलटा. तिथे भार वरच्या क्लॅम्पवर असतो. तो सरकलाच तर अडवायला लावलेला चेक क्लॅम्प शेवटपर्यंत जागेवर राहिला पाहिजे, आणि माणसांनी लांबच्या टोकाकडून काढत आपल्या वाटेकडे मागे यायचं.

ट्रक भरून गेला, जागा झाडून झाली, की मी टॉर्च घेऊन एक फेरी मारतो. बीमच्या कडा, टाकीच्या माथ्यावरचा कठडा, केबल ट्रे. क्लॅम्प साधारण एक किलोचा असतो, आणि घाईत तो असाच कुठेतरी ठेवला जातो. पुढे कधीतरी यंत्र थरथरायला लागतं, आणि खालून कुणीतरी चाललेलं असतं. मागच्या वेळी दोन सापडले, एक बीमच्या अगदी टोकाला. दोन्ही खिशात घालून खाली आणले आणि स्टोअरच्या मोजणीत लिहून घेतले.

नमस्कार.